शेतावरच्या पंगतीला पहिल्यांदा जाताना

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर पाटस मागे पडून भिगवण-इंदापूरचा टापू सुरू झाला, की हिवाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना ‘हुरडा’, ‘चुलीवरचे जेवण’, ‘कृषी पर्यटन केंद्र’ असे फलक दिसू लागतात. मोरगाव आणि सिद्धटेकच्या दर्शनाला, उजनीच्या फुगवट्यावर उतरलेले रोहित पक्षी पाहायला किंवा पंढरपूरला निघालेली शहरातली अनेक कुटुंबे या फलकांपाशी पहिल्यांदाच गाडी आत वळवतात. जेवण चांगले मिळेल हा त्यांचा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. परंतु हॉटेलात जेवायची सवय घेऊन शेतावर गेले, तर यजमानांची धांदल उडते आणि पाहुण्यांचाही अर्धा दिवस वाट पाहण्यात जातो. थोडी तयारी केली तर हे दोन्ही टळते. ती तयारी कशी करावी, तेथे पोहोचल्यावर काय पाहावे, काय विचारावे आणि कसे जेवावे, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी येथे क्रमाने सांगत आहे.

शहरातली नव्या धाटणीची हॉटेले ज्याला ‘फार्म टू टेबल’ म्हणतात, त्या कल्पनेची चर्चा १९७१ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अ‍ॅलिस वॉटर्स यांनी काढलेल्या ‘शे पानीस’ या उपाहारगृहापासून केली जाते. आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली. शेतावर पाहुणा आला की रानातले चार जिन्नस त्याच्या पुढ्यात ठेवायचे, हा रिवाज जुनाच होता. २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामती परिसरातून त्याला कृषी पर्यटनाचे संघटित रूप दिले आणि २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. त्यामुळे आज ज्या ठिकाणी आपण जेवायला जातो, तेथील स्वयंपाकघर मुळात एका शेतकरी कुटुंबाचे असते. ही एक बाब ध्यानात ठेवली, तर पुढच्या बहुतेक सूचना आपोआपच समजतात.

आधी फोन करावा

सर्वांत पहिली पायरी म्हणजे किमान एक दिवस आधी फोन करणे. ही औपचारिकता नव्हे, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आठ जण न कळवता दुपारी दीड वाजता एका शेतावर पोहोचलो. फलकावर ‘जेवण मिळेल’ असे लिहिले होते, पण घरच्यांची जेवणे उरकून चूल विझली होती. त्या घरच्या आजींनी कोणताही त्रागा न करता पुन्हा जाळ केला, घरातला एक मुलगा वांगी तोडायला रानात धावला आणि सव्वातीनला आम्ही पानावर बसलो. जेवण अप्रतिम होते, परंतु त्या दुपारी त्या घरातल्या तीन माणसांची विश्रांती आम्ही हिरावून घेतली, याची रुखरुख अजूनही वाटते. शेतावर आयत्या वेळेसाठी चिरून, वाटून ठेवलेला माल नसतो. भाजी सकाळी तोडायची, मटकी आदल्या रात्री भिजवून मोड आणायचे, दही आदल्या संध्याकाळी विरजायचे, आणि सामिष जेवण हवे असेल तर गावठी कोंबडी शिजायला ब्रॉयलरच्या कितीतरी पट वेळ द्यायचा, असा हा हिशेब असतो.

फोनवर सर्वसाधारणपणे आपण ‘मेन्यू काय आहे?’ असे विचारतो. त्याऐवजी ‘सध्या रानात काय आहे?’ असे विचारावे. या एका प्रश्नाने दोन गोष्टी साधतात. ज्याच्या शेतात खरोखर पीक उभे आहे तो माणूस लगेच बोलता होतो: हरभऱ्याला घाटे लागले आहेत, मेथी कोवळी आहे, वांगी भरपूर आहेत, पण टोमॅटो संपले. त्यावरून आपल्याला काय खायला मिळेल हे कळतेच, शिवाय तेथील जेवण शेतातून येते की बाजारातून, याचाही अंदाज येतो. बाराही महिने तीच यादी, आणि त्या यादीत पनीर व मशरूम अग्रभागी, असे उत्तर आले तर ते ठिकाण वाईट आहे असे नाही, पण आपण ज्यासाठी वाट वाकडी करणार आहोत ते तेथे मिळणार नाही.

याच फोनवर आणखी काही गोष्टी स्पष्ट कराव्यात. किती माणसे, त्यांपैकी मुले किती, येण्याची वेळ कोणती हे सांगावे. दर माणशी आहे की पदार्थागणिक, त्यात नाश्ता, हुरडा, दुपारचे जेवण आणि चहा यांपैकी काय धरले आहे, मुलांना वेगळा दर आहे का, हे विचारून घ्यावे. आगाऊ रक्कम मागितली तर ती द्यावी, कारण आपण आलो नाही तर त्या दिवशीचा सगळा शिधा वाया जातो. कांदा-लसूण किंवा कंदमुळे वर्ज्य असतील, कुणाचा चतुर्थीचा किंवा एकादशीचा उपवास असेल, तर ते आदल्या दिवशीच सांगावे; पानावर बसल्यावर सांगितले तर यजमानांना काहीच करता येत नाही.

शेंगदाण्याचे पथ्य असणाऱ्यांनी तर हे विसरू नये. देशावरच्या स्वयंपाकात दाण्याचे कूट भरल्या वांग्यात, आमटीत, उसळीत, कोशिंबिरीत, ठेच्यात आणि चटणीत असतेच, आणि फोडणीचे तेलही पुष्कळदा शेंगदाण्याचेच असते. ‘थोडे कमी घाला’ असे सांगून भागत नाही. ‘दाणे आणि दाण्याचे तेल अजिबात चालत नाही’ असे स्वच्छ शब्दांत सांगावे आणि खात्री वाटली नाही तर आपला डबा सोबत ठेवावा. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांना ज्वारी-बाजरीची भाकरी चालते, पण परातीत आधी कणीक मळली होती का आणि भाकरी थापताना कोणते पीठ लावतात, एवढे विचारणे आवश्यक आहे.

केंद्र नोंदणीकृत आहे का, हेही पाहता येते. पर्यटन संचालनालयाकडे नोंद झालेल्या केंद्रांना प्रमाणपत्र मिळते, आणि अन्न विकणाऱ्या व्यवसायाला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक लागतो. पावतीवर किंवा भिंतीवर तो दिसला तर चांगलेच. मात्र स्वच्छतेची परीक्षा मी कागदावर सोडत नाही. पिण्याचे पाणी कोठून येते, हात धुण्याची जागा आणि स्वच्छतागृह कसे आहे, हे पोहोचल्यावर दहा मिनिटांत दिसते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पोटाला मानवेल की नाही अशी शंका असेल, तर पाणी घरून न्यावे. यात यजमानांचा अपमान होत नाही.

हंगाम ओळखून प्रवास ठरवावा

शेतावरच्या जेवणात पदार्थ निवडण्यापेक्षा महिना निवडणे महत्त्वाचे असते. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत देशावर हुरडा, हरभऱ्याचे सोलाणे, ऊस, बोरे, पेरू, ताजा गूळ, कोवळ्या पालेभाज्या आणि वांगी असा सुकाळ असतो. वर्षातून एकदाच जायचे असेल तर याच दिवसांत जावे, असे माझे मत आहे. याच सुमारास नाशिककडे द्राक्षांचा हंगाम भरात येतो, महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीचे मळे पिकलेले असतात. मार्चपासून उन्हाची काहिली सुरू होते आणि देशावरची रानेही रिकामी होतात. तेव्हा तोंड कोकणाकडे वळवावे: ओले काजूगर, कोवळ्या फणसाची भाजी, मग हापूस आणि रातांबे. पावसाळा हा रानभाज्यांचा काळ असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घाटमाथ्यावर भाताची कापणी होते आणि नव्या तांदळाचा वास घराघरांतून येऊ लागतो.

या वेळापत्रकाबाहेरची मागणी केली, तर चांगला यजमान नाही म्हणतो आणि गरजू यजमान बाजारातून आणून देतो. जूनमध्ये हुरडा मागितला तर मिळेलही, पण तो शीतपेटीतला असेल. एका ठिकाणी मला ऐन जानेवारीत असा अनुभव आला: आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा, पेटलेली होती, फोटो काढायला बैलगाडी होती, पण दाणे प्लास्टिकच्या पिशवीतून निघाले आणि कढईत परतून पुढे आले. शेजारच्या शेतकऱ्याकडून कणसे आणली असती तर काहीच बिघडले नसते. अनेक केंद्रे तसे करतात आणि विचारले तर मोकळेपणाने सांगतात. मीठ, चहा, साखर दुकानातूनच येणार, यातही खोटेपणा नाही. पण जे दाखवले ते आणि जे वाढले ते एक नव्हते, याचे वाईट वाटले. म्हणून ‘भाकरीची ज्वारी घरची का? दूध कुणाकडचे?’ असे दोन-तीन प्रश्न आपुलकीने विचारावेत. ज्याने पिकवले त्याला हे प्रश्न आवडतात.

हुरड्याची सकाळ

हुरडा हा या सगळ्यातला मानाचा पदार्थ असल्याने त्याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. पुढे कणसात दाणा भरतो, पण तो वाळून टणक होण्याआधी थोडे दिवस असे येतात, की दाण्यातले दूध घट्ट होऊ लागलेले असते आणि गोडी टिकून असते. हाच हुरडा. एका तुकड्यातले हे दिवस फार थोडे असतात, म्हणून हुरड्यासाठी ज्वारी करणारे शेतकरी आठवड्याच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरणी करतात आणि हंगाम लांबवतात. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल रानात पावसाच्या ओलीवर येणारी मालदांडी ज्वारी भाकरीसाठी प्रसिद्ध आहे आणि तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हुरड्यासाठी मात्र बोंडातून दाणा सहज सुटणारे गोड वाण वेगळे पेरतात. सुरती आणि गुळभेंडी ही जुनी नावे आजही ऐकू येतात, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘फुले उत्तरा’ व ‘फुले मधुर’ हे वाण खास हुरड्याचे आहेत. शेतावर गेल्यावर कोणता वाण आहे हे अवश्य विचारावे. त्या उत्तरातून अर्धा तास ऐकण्यासारखी माहिती मिळते.

हुरड्यासाठी सकाळी नऊ-दहापर्यंत पोहोचावे. कणसे थंड वेळी तोडलेली असतात, ऊन चढलेले नसते आणि मागाहून जेवायला भूकही राहते. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. हिवाळी सकाळ म्हणून लोकरीचा स्वेटर घालून आगटीशेजारी बसले, तर ज्वारीची कूस लोकरीत अडकते आणि परतीच्या प्रवासात मान व मनगटे खाजत राहतात. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी वाऱ्याची दिशा पाहून धुराच्या विरुद्ध बाजूला बसावे.

आगटी म्हणजे जमिनीत उकरलेला वीत-दीड वीत खोलीचा खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवतात, पण जाळावर कणीस धरत नाहीत. ज्वाला बसून आर, म्हणजे निखारे, पडेपर्यंत थांबावे लागते, आणि नवख्या पाहुण्यांची घाई नेमकी येथेच होते. मागच्या जानेवारीत करमाळ्याकडच्या एका शेतावर मी हे काम जवळ बसून पाहिले. भाजणारे काका पाच-सहा कणसे दांड्याला धरून निखाऱ्यात तिरकी खुपसत आणि दर थोड्या वेळाने मनगटाच्या झटक्याने फिरवत. दाणे तडतडू लागले आणि बोंडाची टोके काळवंडली, की कणसे शेजारच्या मावशींकडे जात. मावशी गोणपाटाच्या तुकड्यात कणीस धरून दोन्ही तळव्यांनी चोळत. हिरवे, वाफाळते दाणे खाली पडत. मग सुपात दोनदा पाखडून, उरलेले कुसळ फुंकरीने उडवून, ओंजळभर हुरडा समोरच्या पानावर येई. मीही एक कणीस चोळायला घेतले, पण तळहात पोळला आणि दाण्यांबरोबर निम्मी बोंडेही खाली आली. तेव्हा त्यांच्या हातावरची राठ, चकाकणारी कातडी लक्षात आली. एका सकाळी त्या शे-दीडशे कणसे चोळतात.

हुरडा समोर आला की लगेच खावा. निवला की तो चिवट होतो आणि गोडीही उतरते, म्हणून सगळ्यांना मिळेपर्यंत थांबण्याचा शिष्टाचार येथे लागू नाही. सोबत शेंगदाण्याची, तिळाची किंवा जवसाची चटणी, गूळ, गोडीशेव, रेवड्या आणि दही असते. पहिली मूठ काही न लावता खावी, म्हणजे वाणाची मूळ चव कळते. नंतर लसणाच्या चटणीबरोबर खावी. गोड पदार्थ शेवटी घ्यावेत. हुरडा पचायला जड असतो आणि चवीच्या भरात किती खाल्ला हे समजत नाही. वर गार पाणी न पिता ताक प्यावे, असे जुनी माणसे सांगतात, आणि मला तरी ते मानवते. मधुमेह असणाऱ्यांनी कोवळा दाणा गोड असतो हे लक्षात ठेवून बेताने खावे. आग्रह होतच राहणार. तो मायेचा असतो, पण हसून नाही म्हटलेले चालते.

हुरडा आणि दुपारचे जेवण यांच्यामध्ये किमान दोन तास जावे लागतात, आणि शेत फिरून पाहण्यासाठी हा वेळ उत्तम. चालताना बांधावरून चालावे, पिकातून नव्हे. दिसले ते फळ किंवा भाजी तोडून तोंडात टाकू नये, कारण त्या तुकड्यावर आदल्या दिवशी औषध फवारले असेल तर ते पाहून कळत नाही. विचारले की यजमान स्वतः तोडून देतात. लहान मुलांना एकटे सोडू नये. जुन्या विहिरींना पुष्कळदा कठडा नसतो आणि शेततळ्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावरून पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. ही सूचना मी प्रत्येक वेळी प्रत्येकाला करतो.

दुपारची पंगत

चुलीवरच्या भाकरीचा एक साधा हिशेब आहे, जो बहुतेक पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. एका चुलीवर एक तवा, तव्यावर एक भाकरी आणि तिच्याच कडेला निखाऱ्यावर उभी करून फुगवलेली दुसरी. याहून वेग वाढवता येत नाही. बारा माणसे एकदम बसली तर शेवटच्याला भाकरी मिळेपर्यंत पहिल्याची संपलेली असते. म्हणून गट मोठा असेल तर स्वतःहून दोन पंगती कराव्यात, मुलांना आणि वडीलधाऱ्यांना आधी बसवावे. भाकरी थापणाऱ्या वहिनींच्या हातावर सगळी वेळ अवलंबून असते, आणि सगळे उठल्यानंतरच त्या जेवायला बसतात. जेवण झाल्यावर पानावर तासभर गप्पा मारत बसू नये, यामागे एवढेच कारण आहे. झाडाखाली बाज टाकलेली असते. गप्पांसाठी ती जागा आहे.

पानात काय असेल, हे आपण फोनवर विचारलेल्या प्रश्नाने ठरलेले असते. हिवाळ्यात बहुधा वांग्याचे भरीत किंवा भरली वांगी, पिठले, मेथीची किंवा हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, मटकीची उसळ, मिरचीचा ठेचा, कांदा, दही, आणि शेवटी इंद्रायणी तांदळाचा भात व आमटी असा बेत असतो. भाकरी गरम असतानाच मोडून आमटीत कुस्करावी, वर कच्च्या तेलाची धार घ्यावी. कडेची कडक पापुद्र्याची भाकरी ठेच्याबरोबर वेगळी खावी. कांदा हाताने फोडून देतात, कारण फोडलेल्या कांद्याची चव चिरलेल्याला येत नाही. ठेचा नखभरच घेऊन पाहावा. तिखट सोसत नसेल तर पाण्याऐवजी दही किंवा गूळ घ्यावा. वाढून घेताना थोडे थोडे घ्यावे, कारण पुन्हा वाढायला घरची माणसे उत्सुक असतात, पण पानात टाकलेले अन्न पाहून त्यांचा चेहरा उतरतो. ज्याने नांगरटीपासून मळणीपर्यंत त्या दाण्यामागे पाच महिने घालवले, त्याच्या अंगणात भाकरीचा अर्धा चतकोर टाकणे मला स्वतःला जमत नाही.

स्वयंपाकाची जागा पाहायची इच्छा असेल तर आधी विचारावे आणि पादत्राणे बाहेर काढावीत. फोटो काढण्यापूर्वी चुलीपाशी बसलेल्या बाईंना विचारणे हे तर साधे सौजन्य आहे. त्यांना ‘मावशी’, ‘काकू’, ‘वहिनी’ अशी वयाला शोभेल ती हाक मारली की बोलणे सहज सुरू होते, आणि पाककृती विचारायची असेल तर त्या हात चालवता चालवता सगळे सांगतात.

घाट उतरल्यावर, आणि पावसात

देशावरची ही घडी कोकणात थोडी बदलते. तेथे केंद्रापेक्षा घरगुती खाणावळी अधिक असतात, आणि आपण परसातले नारळ, सुपारीच्या बागेतली केळी, आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, साठवलेले कुळीथ व कोकम यांवर चालणाऱ्या घरात जेवत असतो. सकाळच्या नाश्त्यालाच दुपारचे आणि दुपारी रात्रीचे जेवण सांगून ठेवायची पद्धत आहे. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावेत. एप्रिल-मेमध्ये ओल्या काजूगरांची उसळ मिळत असेल तर ती सोडू नये. काजूचा चीक हाताला भाजतो, आणि एका वाटीभर गरांसाठी किती बिया सोलाव्या लागतात हे पाहिले की तिचा दर जास्त का, हे समजते. सोलकढीला रंग कोकमाचाच हवा. मासळीबाबत एक गोष्ट माहीत असावी: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. या दिवसांत समुद्राची मोठी ताजी मासळी मागण्यापेक्षा खाडीतले काय आहे, सुकट-बांगड्याचा सार आहे का, हे विचारावे. सुक्या मासळीचे पावसाळी जेवण हा तडजोडीचा बेत नाही, त्याची स्वतःची चव आहे.

पावसाळ्यात भंडारदरा, मुळशी, जव्हार या बाजूला गेल्यास रानभाज्या मिळतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या नवख्यांनीही निर्धास्त मागाव्यात. पहिल्या पावसाबरोबर येणारे शेवळे मात्र जाणत्या हातचेच खावे, कारण ते नीट शिजवले नाही तर घसा खाजतो; त्यासाठीच त्यात काकड या रानझाडाची आंबट फळे घालतात. ओळखता येत नसलेली कोणतीही रानभाजी स्वतः तोडून शिजवायला देऊ नये. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना स्थानिक बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे अनेकांना ठाऊक आहे. त्या परिसरात जेवताना वाल किंवा भात गावठी बियाण्याचा आहे का, असे विचारले तर यजमान कणगीतून किंवा गाडग्यातून बी काढून दाखवतात. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या मसाल्यांच्या बागांमध्ये बाग फिरवून मग जेवण देतात. तेथे जेवणाआधी फेरी पूर्ण करावी, म्हणजे पानातले मिरे आणि जायफळ नुकतेच वेलीवर-झाडावर पाहिलेले असते.

हिशेब आणि सोबत न्यायच्या वस्तू

पैसे देताना घासाघीस करू नये. फोनवर दर ठरलेला असतो, आणि त्यात केवळ अन्न नव्हे, त्या दिवशी शेतातली कामे सोडून आपल्यासाठी थांबलेली माणसेही धरलेली असतात. रानात मोबाइलला पुष्कळदा रेंज नसते, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवावी. वर काही द्यायची इच्छा असेल तर कणसे चोळणाऱ्या, भाकरी करणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या बायांच्या हातात ते थेट द्यावे. तक्रार असेल तर तीही तेथेच, बाजूला घेऊन, शांतपणे सांगावी. बहुतेक यजमान तिची दखल घेतात.

निघताना घरची ज्वारी, तूरडाळ, काकवी, गूळ किंवा तांदूळ विकत घेता येतो, आणि तो घ्यावा, कारण शेतकऱ्याला मधला दलाल न राहता मिळणारा हा पैसा असतो. डाळ-तांदूळ घेताना ते केव्हाचे आहेत आणि औषध लावलेले आहे का, हे विचारावे. गूळ पिवळाधमक नसून गडद तपकिरी असेल तर बिचकू नये. हुरड्याचे कच्चे, सोललेले दाणे घ्यायचे असतील तर सगळ्यात शेवटी, गाडीत बसताना घ्यावेत आणि कापडी पिशवीत मोकळे ठेवावेत. प्लास्टिकमध्ये कोंडले तर संध्याकाळपर्यंत त्यांना घाम सुटून आंबूस वास येतो. घरी पोहोचताच ते शीतपेटीत ठेवावेत. दुसऱ्या दिवशी त्यांतले निम्मे दाणे भरड वाटून, त्यात ज्वारीचे व बेसनाचे पीठ, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून थालीपीठ लावावे, आणि उरलेल्यांची जिरे-लसणाच्या फोडणीवर, झाकण ठेवून, पाण्याचा हबका मारत उसळ करावी. दाणा बोटाने दाबल्यावर चेपला की ती झाली.